आजीच्या डबीत किती गोळ्या?

वृद्धाश्रमात आजीला भेटायला जाता ना? मग एकदा तिची गोळ्यांची डबी उघडून बघा. नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, पेज गिळतानाही ठसका लागतो. तरी कोलेस्टेरॉलची गोळी चालूच! तिचा फायदा दिसायला वर्षं लागतात. आजीकडे कदाचित महिनेच आहेत. अमेरिकेत आयुष्य थोडंच उरलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) ही गोळी थांबवल्यावर मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही, उलट रुग्णांना जरा बरंच वाटलं. पण बाबा-काका विचारणार नाहीत. ‘आईचं औषध तोडलं’ असं कोण ऐकून घेईल? म्हणून तुम्ही विचारा. परस्पर काही बंद करू नका, दुखण्यावरची गोळी तर नाहीच. यादी डॉक्टरांसमोर ठेवा: ‘यातलं आता काय नको?’ आणि त्याआधी आजीलाही विचारा.