केरसुणीचं झाड

धनत्रयोदशीला दिल्लीत घरोघरी नवा झाडू येतो. त्यातला खजुरीच्या पात्यांचा झाडू हातात घेतला की मला आपली लक्ष्मीपूजनाची केरसुणी आठवते. आपण त्या झाडाला शिंदी म्हणतो, इथले लोक जंगली खजूर. अरबी खजुराचा हा रानातला भाऊबंद. फळ लहान, गर नावापुरता. खरा खजूर वाळवंटातला. त्याला मुळाशी पाणी आणि डोक्यावर आग हवी, आणि दिल्लीचा मे महिना ती आग भरपूर देतो. घात होतो जुलैत. फळ पिकायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते, घड कुजतात. म्हणून कच्छचे शेतकरी फळं पिवळी-लाल, करकरीत असतानाच उतरवतात. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे नराचे पराग मादीच्या फुलोऱ्यावर माणसानेच हाताने झाडायचे. केवढी ही माया! मला काळजी वाटते ती गुरुग्राम-नोएडात इमारतींसमोर शोभेसाठी आणून उभ्या केलेल्या मोठ्या झाडांची. खजुराच्या खोडाला वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्याला. तो सुकला की ते खोड, कितीही जाड असो, पुन्हा पालवत नाही.