मनाचा सस्पेन्स अकौंट

आजरा आणि आजार यांत फरक तो एका कान्याचा. 'र'चा काना उठून 'ज'ला जाऊन चिकटला, की गावाचं दुखणं होतं. तरीही सांगतो, आमच्या आजऱ्यात आजारी पडणं हे मानाचं काम आहे. अट एकच, आजार दिसणारा हवा. पाय मोडून घ्या, अख्खी गल्ली प्लॅस्टर बघायला येते. पित्ताशयातला खडा काढून घ्या, तो बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवता येतो. शुगर आणि बीपी या तर आता पाहुण्यांपुढं चहाबरोबर मांडायच्या वस्तू झाल्या आहेत. पण दुखणं मनाचं असलं, की ते माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं.

कारण सांगायला मला संकोच नाही. मी बी. कॉम., वय सत्तेचाळीस, बँकेत कारकून. वडील गेले आणि त्यांच्यापाठोपाठ माझी झोप गेली. रात्री तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत डोक्यात व्हाउचरं उलटी-सुलटी व्हायची. पायाला खोबरेल झालं, गरम दूध झालं, पहाटे रामतीर्थापर्यंत चालणं झालं. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल निघाले, आणि ते म्हणाले, "आता समुपदेशकाकडं जाऊन बोला." सौ. म्हणाली, "जावा. घरात तरी कुठं बोलताय?"

एस्टी स्टँडवर गाडीची वाट बघत उभा राहिलो, तर ओळखीचे एक गृहस्थ आलेच.

"काय सायेब, कुनीकडं?"

"कोल्हापूर."

"कशाला?"

"डॉक्टरकडं."

"कसला डॉक्टर?"

अशा वेळी शहाण्या माणसानं 'दाताचा' म्हणावं. दाताला गावात प्रतिष्ठा आहे. मी खरं ते सांगितलं. फोड करून सांगितल्यावर त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दीड फूट लांब सरकले. गाडीत मात्र शेजारीच बसले, आणि गडहिंग्लज यायच्या आत थोरल्या मुलाचं सगळं सांगून मोकळे झाले. फी न देता.

त्यानंतर बातमी गावभर झाली आणि माझ्यावर तीन पक्षांनी चाल केली. त्या तिन्ही पक्षांना हे जाहीर उत्तर.

पहिला पक्ष 'मन घट्ट करा'वाल्यांचा. मन घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पाना कितीच्या नंबरचा लागतो? आटे उजवीकडं फिरतात की डावीकडं? हे त्या पक्षातला एकही पुढारी सांगत नाही. दाढ ठणकणाऱ्याला कुणी 'दाढ घट्ट कर' म्हणत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा दहा प्रौढांमागं साधारण एकाला कसला ना कसला मानसिक विकार आढळला. आणि विकारा-विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. इतक्या लोकांनी मन घट्ट करूनच ठेवलं होतं. घट्ट झाकण लावून दूध उतू जायचं थांबत नाही, एवढं आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा ठाऊक आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, "अहो, तुम्हाला काय रत्नागिरीला घालायचं आहे?" महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं प्रामुख्यानं चार गावची, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं रत्नागिरीचं आमच्या बाजूच्या माणसाच्या जिभेवर शिवीसारखं बसलं आहे. तिथं उपचार घेणारी माणसंच असतात, आणि बरी होऊन घरीही येतात, हा भाग वेगळा. पण समुपदेशकाकडं गेलं म्हणजे रत्नागिरीला गेलं, हे म्हणजे पासबुक भरायला बँकेत आलेल्या माणसाला कर्जबुडवा म्हणण्यासारखं आहे.

तिसरा पक्ष सगळ्यांत कठीण, कारण तो प्रेमानं बोलतो. "बोलायला पैसे कशाला मोजायचे? आम्ही काय मेलो होतो?" या पक्षात आमचे मामा आहेत, शेजारचे निवृत्त मास्तर आहेत. माणसं सोन्यासारखी. पण आमच्या गावचा घनसाळ तांदूळ शिजला की वास तीन घरं पलीकडं जातो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. गावातली खाजगी गोष्टही तशीच, झाकण उघडायची खोटी. मामांना सांगितलेलं मामींना कळतं, मामींना कळलेलं दळपाच्या गिरणीत कळतं, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या काउंटरवर व्याजासकट जमा होतं. शिवाय घरच्या माणसाचा आपल्या दुखण्यात वाटा असतो. वडिलांबद्दल मला जे सांगायचं होतं ते मामांना कसं सांगू? त्यांचे ते मेव्हणे!

मी रोज बघतो. माणूस आयुष्याची पुंजी मेव्हण्याकडं ठेवत नाही. काचेपलीकडच्या परक्या कारकुनाकडं आणून देतो आणि रात्री सुखानं झोपतो. का? तर तो कारकून नियमानं बांधलेला आहे, आणि लग्नात भेटल्यावर 'तुमच्याकडं किती शिल्लक हो?' असं विचारत नाही. परकेपणा हाच त्याचा गुण. मग पैशाला जी अक्कल लावतो, ती मनाला का लावू नये?

याच आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' दिली. तीत कर्ण, कुंती, दुर्योधन, सगळी आपापल्या तोंडानं कहाणी सांगतात. पण सांगतात वाचकाला! थोरला मुलगा कोण, हे कुंतीनं पांडवांना सांगितलं ते युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी सोडताना. नात्यातल्या माणसांनी गच्च भरलेलं घर होतं हो ते. बोलायला माणसांची काय वाण होती?

आता तिथं घडतं काय, ते ऐका. आमच्या हिशेबात टोटल लागली नाही, आणि फरक कुठला ते सापडत नसलं, की ती रक्कम सस्पेन्स अकौंटला टाकतात. कोअर बँकिंग आलं तरी हे खातं गेलेलं नाही. तात्पुरती सोय म्हणून ठीक. पण नोंद जितकी जुनी, तितकं ऑडिटरचं तोंड वाकडं. मनातही असं एक खातं असतं. समुपदेशक ते खातं उघडून बसतो.

पहिला दिवस खातं उघडण्याचा. फॉर्म, सही, घरी कोण कोण, झोप कशी, भूक कशी, कधीपासून, आणि इथून काय घेऊन जायचं आहे? सिनेमातल्यासारखा कोच नसतो. साध्या दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, आणि डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा. वेळ पाऊण तास ते तासभर, बहुधा आठवड्यातून एकदा. ऐकलेलं बाहेर जात नाही, हे सुरुवातीलाच सांगतात, आणि अपवादही सांगतात. कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा कोर्टानं विचारलं, तर बोलावं लागतं. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्यांवर तर गुप्ततेचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच घातलं आहे.

दुसरा धक्का असा, की तिथं सल्ला मिळत नाही. आजऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला हे पचायला जड. तासभर कुणी तरी नुसतं ऐकतं, मधेच 'आमच्या सांगलीच्या साडूचंही असंच झालं' म्हणत नाही! मग एखादाच प्रश्न येतो, आणि तो एस्टीत घाट उतरताना डोक्यात उलगडत राहतो. घरी करायचा अभ्यासही मिळतो. रात्री तीनला कुठला विचार आला, तो वहीत मांडायचा. मी तो जमा-खर्चात मांडला. बाई हसल्या, पण मार्क कापले नाहीत. पहिल्या एक-दोन खेपांनंतर मन हलकं होण्याऐवजी जड होऊ शकतं. जुनी नोंद उकरली की धूळ उडायचीच.

आणि बाजू घेतो म्हणून डोळे मिटून घेत नाही. पाटी लावलेला प्रत्येक जण शिकलेला असतोच असं नाही. शिक्षण विचारावं, फी आधी विचारावी, नाही जमलं तर माणूस बदलावा. समुपदेशक गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज दिसली, तर त्यानं मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवलं पाहिजे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. तिलाही आता तीन तपं होत आली. म्हणजे हे फॅड कालपरवाचं नव्हे. तालुक्याच्या गावाला मात्र अजून एस्टी धरावी लागते, ही माझी खरी तक्रार.

आता एक गोष्ट हसण्यावारी न नेता सांगतो. गेल्या काही वर्षांत मी अशा दोन घरी जाऊन बसलो, जिथला माणूस आपल्या हातानं गेला. त्यातला एक माझ्या काउंटरचा. दर महिन्याला यायचा, स्लिप भरायचा, 'बरं आहे' म्हणायचा. दोन्ही घरी ओसरीवरच्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "एकदा बोलला असता तरी!" कुठं बोलणार होता? 'मन घट्ट कर' म्हणणाऱ्यांपुढं? रत्नागिरीची चेष्टा करणाऱ्यांपुढं? आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या बोलण्याच्या सगळ्या खिडक्यांवर 'काउंटर बंद'ची पाटी लावली, आणि मग तो रांगेत उभा राहिला नाही म्हणून हळहळलो. त्याच २०१७ च्या कायद्यानं जीव द्यायला निघालेल्याला गुन्हेगार धरणं सोडलं. तो भयंकर ताणाखाली होता असं समजून त्याची काळजी घ्या, असं सरकारलाच बजावलं. कायदा पुढं गेला, ओसरी तिथंच आहे.

म्हणून एक नंबर इथं लिहितो, १४४१६. सरकारची 'टेलिमानस' सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री तीनलाही उचलतात. एस्टी चुकली तरी हा चुकत नाही. गॅस एजन्सीच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना हात जोडून विनंती. यापुढं कुणी 'बरं वाटत नाही' म्हणालं, तर लगेच सल्ला देऊ नका. 'सोबत येऊ का?' एवढंच विचारा. कोल्हापूरच्या गाडीत खिडकीची जागा त्याला द्या, तिकीट तुम्ही काढा, आणि तो आत बसला असेल तेव्हा बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसा. बाहेर आल्यावर 'काय म्हणाले?' असं विचारू नका. चहा विचारा.