आधी माणूस, मग कॅमेरा

लग्नाच्या हॉलमधून सर्वांत शेवटी कोण बाहेर पडते, याकडे आपले सहसा लक्ष नसते. नवरी सासरी जाते, पाहुणे पान चघळत पांगतात आणि केटररची माणसे पातेली गोळा करू लागतात. तेव्हा कुठे फोटोवाल्या मुलाला जेवायची सवड मिळते. गार झालेला पुलाव कसाबसा संपवून, पाठीवर बोजड पिशवी अडकवून तो मोटारसायकलला किक मारतो. घड्याळात तेव्हा साडेबारा-एक वाजलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीचे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाल्या मुलाचा फोन आला. रात्री घरी जाताना मागून मोटारसायकलवर दोघे आले आणि त्यांनी पिशवीला हिसका दिला. हा रस्त्यावर पडला. कोपर सोलले, पिशवी गेली. त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, पण फोटो आहेत ना?"

"आहेत काका. कार्डं मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली होती."

त्यानंतर मी विचारले, "तुला फार लागलं का रे?" हा प्रश्न आधी यायला हवा होता. तो दुसरा आला, याची खंत मला अजून आहे.

पूर्वी गावातल्या स्टुडिओवाल्याकडे एक कॅमेरा आणि एक फ्लॅश असे. आज लग्नात उभ्या असलेल्या मुलाच्या पिशवीत दोन कॅमेरे आणि तीन-चार लेन्स असतात. त्यातल्या एकेका चांगल्या लेन्सची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात जाते. म्हणजे हा पोरगा एखाद्या लहान मोटारीची किंमत पाठीवर घेऊन मध्यरात्री एकटा फिरत असतो. त्यातून ती पिशवी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. पिशवी गेली तरी हप्ते जात नाहीत.

ही हकिकत कळल्यावर आमच्या घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले चाकू ठेव, कोणी म्हणाले मिरचीचा स्प्रे घे, कोणी म्हणाले कराटे शिक. सल्ले आपुलकीचेच होते, पण ते एकेक तपासून पाहायला हवेत.

चाकूचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. अंधारात दोघांशी झटापट झाली, तर तो कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही. ट्रायपॉड उगारणे सिनेमात शोभते. पाठीवर आठ-दहा किलोंचे ओझे असताना माणसाला धड वळताही येत नाही, मग ट्रायपॉड सोडवून फिरवणार कधी? मिरचीचा स्प्रे त्या मानाने बरा. पण तो पिशवीच्या तळाशी असेल तर शोधेपर्यंत चोर पसार होतो आणि वारा उलटा असेल तर आपलेच डोळे चुरचुरतात. विमानात तो जवळच्या सामानात नेता येत नाही. शिवाय तो खेळणे नव्हे. 2024 मध्ये एका खासगी वादात स्प्रे वापरल्याबद्दलचा गुन्हा रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने नकार दिला होता. कराटेचा वर्ग मात्र जरूर लावावा. चांगला शिक्षक मारण्याआधी पडावे कसे, हात सोडवून घ्यावा कसा आणि पळावे केव्हा, हे शिकवतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्याला मर्यादा आहेत. स्वतःच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता; 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर करावा, हे त्याचे सूत्र. चोर पिशवी टाकून पळू लागला आणि आपण पाठलाग करून त्याचे डोके फोडले, तर मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभे राहू शकतो.

मग करायचे काय? आपल्याकडे म्हणतातच, शिर सलामत तर पगडी पचास. पिशवीत तीन गोष्टी असतात असे समजा: यंत्र, फोटो आणि ती वाहणारा माणूस. यंत्राचा विमा उतरवता येतो. फोटोंची दुसरी प्रत काढता येते. माणसाची सोय यांपैकी कशानेच होत नाही. म्हणून कोणी हिसका दिला तर पिशवी सोडून द्यावी. पट्टा मनगटाला गुंडाळणे किंवा गळ्यात आडवा घालणे सुरक्षित वाटते, पण चालत्या मोटारसायकलवरून कोणी तो ओढला तर कॅमेऱ्याबरोबर माणूसही फरफटत जातो.

बाकीचे शहाणपण साधे आहे. कंपनीचे नाव मिरवणारी पिशवी टाळावी. शाळकरी मुलाच्या दप्तरासारखी जुनाट सॅक बरी. काम संपताच कार्डे काढून अंगावरच्या खिशात ठेवावीत. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हींवर फोटो उतरवावेत. निघताना आणि पोहोचल्यावर घरी फोन करावा आणि शक्यतो जोडीने जावे. अर्थात जोडीदार म्हणजे अभेद्य कवच नव्हे. 22 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ती कामासाठी गेली होती, तिच्याबरोबर सहकारीही होता. तेव्हा मुलींना "काळजी घे" एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. ओसाड जागी कामाला पाठवणाऱ्यानेही चार वेळा विचार केला पाहिजे.

विम्याचे काम वरातीमागून घोडे असे होऊ देऊ नये. कॅमेरा व्यवसायासाठी वापरतो, हे पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावे. बिल आणि प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक घरी वेगळा जपावा. चोरी झाल्यावर पोलीस ठाण्यात "गहाळ" अशी नोंद करून परत येऊ नये. विमा कंपनी सहसा एफआयआरची प्रत मागते. हिसकावून नेणे हा आता न्याय संहितेच्या 304 व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. हद्दीचा वाद निघाला, तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

इथवर मुलांना सांगून झाले. आता थोडे आपल्याला, म्हणजे तुम्हाआम्हाला. चोरलेली लेन्स चोर स्वतः वापरत नाही. ती कोणीतरी निम्म्या किमतीत विकत घेतो. "बिल नाही, पण माल एकदम नवा" असे ऐकून आपल्या मुलासाठी स्वस्तात कॅमेरा आणणारा बापच या धंद्याचा शेवटचा गिऱ्हाईक असतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेतला, तर न्याय संहितेच्या 317 व्या कलमाखाली तोही गुन्हेगार ठरतो. बिल मागा, अनुक्रमांक ताडून पाहा. चोराचे गिऱ्हाईक तुटले की त्याचा निम्मा धीर तुटतो.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. लग्नात आपण लाखांनी खर्च करतो. फुलांसाठी, रोषणाईसाठी हात आखडत नाही. आणि आपल्या घरातला सर्वांत आनंदाचा दिवस ज्याच्या पिशवीत आहे, त्याला मध्यरात्री "बराय, ये आता" म्हणून वाटेला लावतो. त्याला नऊ वाजता गरम जेवायला बसवणे आणि परत जायला गाडी करून देणे, एवढा खर्च कोणत्याही मांडवाला परवडतो.

पुढे पुतण्याचे लग्न निघाले. याद्या करायला बसलो तेव्हा भटजींची दक्षिणा, बँडवाल्यांचा विसार, हे सगळे लिहून झाल्यावर बायकोने शेवटी एक ओळ वाढवली: फोटोवाल्यांसाठी गाडी, घरापर्यंत. भाचीच्या लग्नाच्या यादीत ती ओळ नव्हती.