शेतकऱ्याच्या तिकिटाची थकबाकी

२०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीवर धुराचं असं झाकण बसलं की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच आठवड्यात, ९ ते ११ नोव्हेंबरला, ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये जागतिक सेंद्रिय परिषद भरली. ही एकोणिसावी परिषद. भारतात पहिल्यांदाच आलेली. आयफोम या जागतिक संघटनेसोबत यजमानपद होतं गोव्यातल्या म्हापशाहून चालणाऱ्या भारतीय सेंद्रिय शेती संघटनेकडे. मांडवात शेतकरी पुढे बसावा ही यजमानांची तळमळ खरी होती. तरीही दोन-चार एकरवाल्यांना तिथवर आणायला लोकांपुढे हात पसरावे लागले. माझं गाऱ्हाणं यजमानांविरुद्ध नाही. ज्यांच्यापुढे हात पसरावे लागले, त्या आपल्याविरुद्ध आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याला नोव्हेंबरात घर सोड म्हणणं म्हणजे काय, याचा विचार आपण कधी केला? कापूस फुटून उभा असतो. वेचणीला माणसं मिळत नाहीत. मिळाली तर किलोमागे मजुरी रोख मोजावी लागते. हरभऱ्याची ओल कुणासाठी थांबत नाही. गोठ्यातल्या दोन जनावरांचं वैरणपाणी शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचं. मग विदर्भातून रात्रभर गाडीत अवघडून हजरत निजामुद्दीन गाठायचं, आणि तिथून पुन्हा ग्रेटर नोएडापर्यंतची लांबलचक वाट. आज तिकडे मेट्रो जाते, पण ती २०१९ साली सुरू झाली. पिशवीत बांधून आणलेल्या भाकरी, अंगावर गावच्या थंडीपुरता स्वेटर, आणि पोचल्यावर नोंदणीच्या टेबलाशी इंग्रजी. बाई असेल तर घराचा उंबरा ओलांडण्याआधीच दहा प्रश्न. सातबाऱ्यावर तिचं नाव बहुधा नसतंच. प्रवेशशुल्क माफ केलं की आपलं काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

आता दुसरा हिशेब. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत आला. आला होता शेती सुधारायला. पण आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं औषधावाचून निरोगी कशी राहतात ते पाहून त्याने त्यांनाच गुरू मानलं. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला शेण, पालापाचोळा, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांपासून खत कुजवायची पद्धत त्याने बसवली. १९४० साली त्याचं पुस्तक निघालं आणि पाश्चात्त्य देशांतल्या सेंद्रिय चळवळीने त्यातून बळ घेतलं. पुसाची ती संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलली; ग्रेटर नोएडाहून ती फार लांब नाही. म्हणजे ज्या विद्येची जागतिक परिषद भरली, तिचं एक मूळ आपल्याच बांधावर होतं. गुरूने स्वतःच्या विद्येच्या सभेला यायचं, तर त्याच्या तिकिटासाठी आपण वर्गणी काढतो आणि वर त्याला मदत म्हणतो! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण गावरान वाल-भाताची बियाणी त्यांनी जपली. त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तशी बियाणी मडक्यात, राखेत जपणाऱ्या बाकीच्या बायांचं नाव आपल्याला ठाऊक आहे का?

त्या परिषदेच्या काही आठवडे आधी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. फवारा वर मारायचा आणि त्याच ओल्या झाडांतून पुढे सरकायचं; अंगावरचा सदरा संध्याकाळपर्यंत वाळत नाही. आपण काय विचारलं? हातमोजे का घातले नाहीत? मेलेल्या माणसाला जाब विचारला आणि पेपरची घडी घातली. तिकडे दिल्लीकरांनी धुरासाठी पंजाब-हरियाणाच्या धसकटं जाळणाऱ्याकडे बोट दाखवलं. आरोपी म्हणून शेतकरी लगेच सापडतो. जाणकार म्हणून त्याला बोलवायचं ठरलं, की पैसे नसतात.

आणि पैसे नाहीत हे खोटं आहे. आषाढीच्या वाटेवर दिंड्यांना आपण पोटभर जेवू घालतो, पंगतीला बसलेल्याला जातगाव विचारत नाही. मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी घर गहाण टाकतो. देशातल्या शेकडा ८६ वहितींचं क्षेत्र दोन हेक्टरांच्या आत आहे, असं २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. एवढ्या लोकांवाचून शेतीची चर्चा होऊ शकते, हे आपण मनातून मान्य करून टाकलेलं आहे. पाप तिथे आहे. तांदळाला इंद्रायणीचा वास आहे का ते आपण हुंगून बघतो. तो पिकवणाऱ्याला काय म्हणायचंय ते ऐकायला मात्र आपल्याला सवड नाही.

१८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले. जरीच्या पागोट्यांत बसलेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे, हे त्या ड्यूकला, राणीच्या मुलाला, दिसावं म्हणून. त्यानंतर १२९ वर्षांनीही शेतकऱ्याला सभेत जागा मिळावी म्हणून दुसऱ्या कुणालातरी धडपडावं लागतं.

तेव्हा दिलं तर पुरतं द्या. जाण्यायेण्याचं आरक्षित तिकीट, बुडालेल्या दिवसांची मजुरी, गोठा सांभाळणाऱ्याचा रोज, आणि शेतकरणीची वऱ्हाडी किंवा अहिराणी जशीच्या तशी समजून सांगणारा दुभाषी. बोलण्याची वेळ सकाळची, सभागृह भरलेलं असतानाची. आणि निमंत्रण मृगाआधी गावात पोचू द्या, म्हणजे नोव्हेंबरात आपल्या वाटचा कापूस कोण वेचणार हे तिला पेरतानाच ठरवता येईल.