बिल्ल्याच्या कडेवरचा माणूस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, आणि आज जरा रागावूनच लिहितो आहे. घरातले काहीजण हे वाचतील. त्यांनी मनाला लावून घेतले तरी हरकत नाही.

आमच्या एका पुतण्याला जुनी नाणी आणि बिल्ले जमवायचा नाद आहे. नाद वाईट नाही. पण पहिल्या महायुद्धातले चांदीचे पदक हाती आले की या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "किती ग्रॅम?" आणि दुसरा, "कितीला जाईल?" कडेवर काय कोरले आहे, हे कोणी पाहतच नाही. माझे सगळे भांडण त्या कडेवरून आहे.

एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेले हे पदक शौर्यपदक नव्हे. युद्धात सेवा केली म्हणून ते लाखो जणांना मिळाले. मजूर तुकड्यांतल्या लोकांना तेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले, यावरून सरकारची नजर कळते. म्हणून "आमच्या पणजोबांना शौर्यपदक मिळाले" असे लग्नकार्यात सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. मात्र या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. राजाचा चेहरा सगळ्या पदकांवर एकच. कडेवरचा माणूस मात्र एकच एक.

आता दुसरी जात. हे लोक कडा वाचतात, पण वाचून गोष्ट रचतात. 103, 110 किंवा 117 नंबरची मराठा पलटण दिसली की लगेच "कुटच्या वेढ्यातला वीर"! या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा येथे अडकल्या होत्या, हे खरे. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा तो वेढा चालला, उपासमार झाली, शेवटी शरणागती आली आणि कैदेत कितीतरी माणसे मेली. पण 1917 साली भरती झालेल्या शिपायाच्या पदकावरही त्याच पलटणीचे नाव येते. तो कुटला नव्हता. कुटचे नाव लावले की भाव वाढतो, म्हणून ते लावायचे, याला मी शुद्ध मराठीत खोटेपणा म्हणतो. ज्याने खरोखर तिथे हाल सोसले, त्याच्या वाट्याचे हे चोरून घेणे झाले.

तिसरी मंडळी आमच्या वयाची. "इंग्रजांचे भाडोत्री होते ते, कशाला त्यांचे कौतुक?" अहो, कौतुक कोण मागतो आहे? महिना अकरा रुपयांसाठी कोरडवाहू जमिनीतून उठून बसऱ्याला गेलेला माणूस कोण होता, एवढे तरी विचाराल की नाही? आणि कडेवर 111 नंबरची महार पलटण निघाली तर? ज्या समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, त्याची गरज पडली तेव्हा 1917 मध्ये बेळगावला पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडावे लागले. ते पदक म्हणजे एका अन्यायाचा धातूत कोरलेला पुरावा आहे. तो तुम्ही वितळवणार?

"पण काका, शोधायचे कुठे?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. नंबर आणि पलटण आधी घ्या. नाव शेवटी, कारण इंग्रज कारकुनाने आपल्या नावांचे काय केले असेल ते सांगता येत नाही, आणि एका पलटणीत एकाच नावाचे दहा असतात. माणूस युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत शोधा. तिथे पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुकाही सापडतो. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील अभिलेखागारात आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते कळते. 1922 मध्ये पलटणींचे नंबर बदलले, तेव्हा 103 ची 'पाचव्या मराठा'ची पहिली बटालियन झाली, हेही ध्यानात ठेवा. नाहीतर भलत्याच दारात जाल.

जो जिवंत परतला त्याचा माग काढणे सर्वांत कठीण. पंजाबातल्या सुमारे 3,20,000 सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि 2021 पासून त्या संगणकावर येऊ लागल्या. आपल्याकडे मात्र गावातल्या शिळेवर नुसता आकडा असतो, अमुक गावातून इतके गेले, इतके मेले. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची नुसती संख्या. आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाची माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आता विचार करा. दगडावर ज्याचे नाव कोरले नाही, परतला म्हणून ज्याचे नाव मेलेल्यांच्या यादीतही आले नाही, त्याचे नाव उरले ते फक्त या चांदीच्या कडेवर. ते न वाचता पदक विकणारा आणि बसऱ्याला नुसता आकडा कोरणारा, यांच्यात मला फरक दिसत नाही. गोरा साहेब निदान परका होता.

तेव्हा पदके जरूर जमवा. पण एका माणसाची पदके वेगवेगळी विकू नका, घासून कडा गुळगुळीत करू नका, आणि जे सापडले तेवढेच लिहून ठेवा. नाव, नंबर, पलटण आणि जमल्यास गाव. चार ओळी झाल्या तरी पुरे. त्या गावात कोणी वंशज भेटला तर त्याला आधी कळवा, सौद्याचे मग बघू.

तूर्त एवढेच. ज्यांना राग आला असेल त्यांनी फोन करावा.