चौपदरी डीएनए आणि दुधारी औषध

डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. ती आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. याच डीएनएला काही ठिकाणी चार पदरांची गाठ बसते, हे मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसे पोहोचलेले नाही. जेथे ग्वानिनची दाटी असते तेथे चार ग्वानिन मिळून एक चौकोन होतो, असे चौकोन एकावर एक चढतात आणि पोटॅशियमचा आयन त्यांना घट्ट धरून ठेवतो. मद्रासमध्ये जन्मलेले केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने २०१३ मध्ये या गाठी मानवी पेशींत प्रत्यक्ष दाखवून दिल्या.

या गाठी गुणसूत्रांच्या टोकांशी आणि पेशींची वाढ चेतवणाऱ्या ‘मिक’सारख्या जनुकांच्या तोंडाशी बसू शकतात. मग एखादा चपटा रेणू गाठीवर बसवून ती सुटूच दिली नाही, तर कर्कपेशीचे विभाजन अडखळेल, हा हिशेब. हिशेब देखणा खरा. पण निरोगी पेशींतही अशा गाठी असतातच.

‘सीएक्स-५४६१’ या रेणूची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तो मुळात रायबोसोमच्या आरएनएची निर्मिती रोखण्यासाठी घडवला गेला. तो चौपदरी गाठी पक्क्या करतो आणि बीआरसीए जनुके निकामी झालेल्या कर्कपेशींना विशेष घातक ठरतो, असे २०१७ मध्ये दिसले. कॅनडातील ४० रुग्णांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. काहींना लाभ झाला; मात्र उन्हाने त्वचेला होणारी इजा मात्रेच्या आड आली. दरम्यान, या रेणूचा मारा बव्हंशी टोपोआयसोमरेज-२ या विकरामार्फत होतो, असे अन्य संशोधकांनी दाखवले. म्हणजे नेम एकीकडे, घाव दुसरीकडे! त्यावर कडी म्हणजे २०२४ मधील अभ्यास: प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत या औषधाने जनुकीय बदलांचा अक्षरशः पाऊस पाडला.

इतर उपाय थकलेला रुग्ण हा धोका पत्करीलही, आणि त्यात गैर काही नाही. परंतु तो पत्करण्यापूर्वी २०२४ चा निष्कर्ष त्याच्या संमतिपत्रात सोप्या भाषेत लिहिलेला हवा आणि बऱ्या झालेल्यांवर पुढे कित्येक वर्षे लक्ष ठेवले गेले पाहिजे.