न झालेल्या झुंजीचे भाकीत

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या ओसरीवर आमच्या तरुण मंडळींत मोठा वाद माजला होता. जॉर्ज फोरमन आणि माइक टायसन हे दोन हेवीवेट मुष्टियोद्धे १९९० साली एकमेकांसमोर उभे ठाकले असते, तर सरशी कोणाची झाली असती? ‘फादर, निवाडा तुम्हीच द्या,’ असे म्हणून त्यांनी आम्हांस मध्ये ओढले. सेमिनरीत आम्हांस तर्कशास्त्र शिकविले गेले, ठोसे मारण्याची विद्या नव्हे. तथापि न झालेल्या लढतीचे भाकीत करण्यास तर्क पुरेसा होतो. शिवाय ते खोटे पाडण्यास कोणी येणार नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मग वाढताना हात आखडावा कशाला?

प्रश्न मात्र अगदीच हवेतला नव्हता. १६ जून १९९० रोजी लास वेगास येथे एकाच रात्री हे दोघेही रिंगणात उतरले होते, पण निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यास. टायसनने आपला सामना पहिल्याच फेरीत संपविला, फोरमनने दुसऱ्या. फोरमन तेव्हा ४१ वर्षांचा होता. टायसनला चोविसावे वर्ष पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले होते.

प्रथम धाकट्याची बाजू पाहू. १९८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, टायसन जगज्जेता झाला. १९८८ च्या जूनमध्ये त्याने मायकेल स्पिंक्स यास अवघ्या ९१ सेकंदांत गारद केले. त्याच वर्षी जानेवारीत ३८ वर्षांचा लॅरी होम्स त्याच्यापुढे चौथ्या फेरीत कोसळला होता. वय झालेल्या मल्लाची टायसनपुढे काय गत होते, त्याचा हा रोकडा पुरावा.

आता थोरल्याची बाजू. खाली वाकून, डोके हलवीत, प्रतिस्पर्ध्याच्या छातीशी जाऊन भिडावयाचे, ही टायसनची रीत. जो फ्रेझर याचीही रीत बहुतांशी हीच होती. आणि १९७३ साली किंग्स्टन येथे फोरमनने त्यास दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. जो आपण होऊन जवळ येतो, त्याला शोधण्यास फोरमनला पाय झिजवावे लागत नसत. शिवाय १९९० च्या फेब्रुवारीत टोकियो येथे बस्टर डग्लस या उंच, लांब हातांच्या योद्ध्याने टायसनला दहाव्या फेरीत चीत केले होते. टायसनच्या नावाचा धाक तेव्हाच ओसरला होता.

म्हणून आमचा निवाडा असा: लढत १९८८ साली झाली असती, तर टायसन गुणांवर जिंकता. १९९० साली झाली असती, तर पहिल्या तीन फेऱ्या टायसनच्या. आणि त्या फोरमनने सोसल्या, तर सहाव्या फेरीच्या आत विजय त्याचा.

हा निवाडा ऐकून ज्येष्ठांच्या पक्षाने टाळ्या पिटल्या. आमचीही पंचेचाळिशी जवळ आल्यामुळे आम्ही पक्षपात केला, असा आरोप तरुणांनी केला. तो आम्ही सर्वस्वी नाकारीत नाही. परंतु फोरमनच्या अंगी १९९० साली जे बळ होते, ते केवळ बाहूंचे नव्हते. १९७४ साली किन्शासा येथे, २५ वर्षांचा असताना, त्याने दोरांवर रेललेल्या मुहंमद अलीवर सारी शक्ती उधळली आणि आठव्या फेरीत तो पडला. १९७७ मध्ये आणखी एक पराभव पदरी आला. त्यानंतर तो दहा वर्षे रिंगणापासून दूर राहिला, ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला, मुलांसाठी त्याने केंद्र उघडले. १९८७ साली परतला तो शक्ती जपून खर्चणारा मनुष्य. १९९१ साली इव्हँडर होलिफील्डकडून तो गुणांवर हरला, परंतु बाराही फेऱ्या उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, २६ वर्षांच्या मायकेल मूररकडून गुणांत मागे पडलेला असताना, दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने तो पुन्हा जगज्जेता झाला.

तथापि टाळ्या पिटणाऱ्या ज्येष्ठांस येथेच एक दुसरी गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. १९८० साली अली ३८ व्या वर्षी लॅरी होम्सशी लढण्यास परतला. दहा फेऱ्या तो केवळ मार खात राहिला. अखेरीस त्याचा वस्ताद अँजेलो डंडी याने लढत थांबविली. पुढे १९८४ साली अलीला कंपवाताने ग्रासल्याचे निदान झाले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ५८ वर्षांचा टायसन स्वतःच २७ वर्षांच्या जेक पॉलपुढे उभा राहिला व गुणांवर हरला. एके काळचा धाकटा आता थोरला झाला होता.

मग कोणत्या म्हाताऱ्याने लढावे व कोणी थांबावे? ओसरीवरून भाकीत करणाऱ्याचे दातही पडत नाहीत आणि डोकेही फुटत नाही. म्हणून त्याच्या मताला फारशी किंमत देऊ नये. किंमत आहे ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दाला. घरातही वयोवृद्धांना ‘आता पुरे’ असे सांगणारा कोणी असावा लागतो. आणि त्याचे ऐकण्याचे बळ म्हाताऱ्याच्या अंगी असावे लागते. फोरमनचे सामने तरुणांनी आवडीने पाहावेत. आम्ही चाळिशी उलटलेल्यांनी मात्र आपल्या कोपऱ्यात कोण उभे आहे, हे एकदा वळून पाहावे.